कूलर, बॅटरी आणि हातभट्टी: घरगुती डिस्टिलरचं गौडबंगाल

मे महिन्यातली दुपार. इन्व्हर्टरच्या बॅटरीची झाकणं उघडून मी पाणी भरत बसलो होतो. तेवढ्यात शेजारचा पोरगा मोबाइल नाचवत आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे सल्ला द्यायला कचरत नाही. ‘काका, दरवेळी कॅन आणून राह्यले, त्यापेक्षा हे यंत्रच घेऊन टाका ना.’

स्क्रीनवर दोन यंत्रं होती. पहिलं म्हणजे स्टीलचं गोल भांडं, वर पंखा बसवलेलं झाकण आणि समोर काचेचा जग. दुसऱ्याचं भांडंही स्टीलचंच, पण त्यावर तांब्याचा उभा नळकांडा, त्याला थर्मामीटर आणि बाजूला वेटोळी नळी बसवलेलं पिंप. दोन्हींखाली नाव मात्र एकच: होम डिस्टिलर.

‘दोन्ही सारखंच काम करून राह्यले ना? मग दुसरं इतकं महाग कायले?’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘आणि त्याच्यावर पोलीस येतात म्हणे.’

प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. पाणी आणि दारू, दोन्हींसाठी उकळायचं, वाफ थंड करायची आणि थेंब गोळा करायचे. तरी एक यंत्र दातांच्या दवाखान्यात राजरोस ओट्यावर असतं, आणि दुसऱ्याचा फोटो पेपरात छाप्याच्या बातमीसोबत येतो.

आधी कूलरकडे बघा

नागपूरकराला हे समजवायला प्रयोगशाळा लागत नाही, खिडकीतला कूलर पुरतो. उन्हाळा संपताना कूलरच्या ताट्या काढल्या की गवतावर पांढरे, कडक क्षार चिकटलेले दिसतात. टाकीच्या तळाशीही तोच थर असतो. वास्तविक महिनाभर आपण त्यात नळाचं स्वच्छ पाणीच ओतलेलं असतं. पाणी हवेत उडून गेलं आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार मागे राहिले. क्षारांना उडता येत नाही.

म्हणजे कूलर हा अर्धा डिस्टिलरच आहे. उडालेलं पाणी परत पकडायचं काम तेवढं तो करत नाही. ते काम भाताच्या पातेल्यावरचं झाकण करतं. झाकण उचललं की आतून ठिबकणारं पाणी हे वाफेचं पुन्हा झालेलं पाणी असतं. कूलरचं उडवणं आणि झाकणाचं पकडणं एकत्र केलं की जे होतं, त्याला पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतात. हा शब्द इथेच ठेवून देऊ. कारखान्यात आणि दुकानात सगळे डिस्टिलेशनच म्हणतात.

‘गाळणं’ या शब्दाने केलेला घोळ

आपली भाषाही इथे थोडी फसवते. आपण पाणी फडक्याने गाळतो, चहा गाळणीने गाळतो आणि दारूही ‘गाळतो’. पण दारूच्या भट्टीत गाळणी कुठेच नसते. तिथलं गाळणं म्हणजे डिस्टिलेशन. गाळणी कण अडवते. विरघळलेलं मीठ मात्र कुठल्याही फडक्यातून आरपार जातं.

पाणी गाळणाऱ्या यंत्राला ‘उडणारं कोण आणि न उडणारं कोण’ एवढंच ओळखायचं असतं. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू, गाळ, यातलं काहीच वाफेसोबत जात नाही. सगळं तळाशी राहतं. त्यामुळे यंत्राला डोकं लागत नाही, नुसतं उकळत राहिलं तरी चालतं.

दारूचं तसं नाही. आंबवलेल्या रसात अल्कोहोलही उडतं आणि पाणीही उडतं. तिथे न उडणारं मागे ठेवून भागत नाही. उडणाऱ्या दोघांतून एकाला निवडावं लागतं. दोन्ही यंत्रांतला फरक, किमतीपासून धोक्यापर्यंत, इथूनच सुरू होतो.

पाण्याचं यंत्र उघडून पाहिलं तर

माझ्या ओळखीच्या एका दंतवैद्यांकडे असलं टेबलावरचं यंत्र आहे. अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हला त्यांना क्षार नसलेलं पाणी लागतं. एकदा त्यांनी झाकण उचलून दाखवलं. आत ४ लिटरचं स्टीलचं भांडं, तळाला हीटर. झाकणाच्या पोटात स्टीलची वेटोळी नळी, तिला पातळ पत्र्यांच्या झालरी आणि वर छोटा पंखा. वाफ नळीत शिरते, पंख्याच्या वाऱ्याने थंड होते आणि थेंबाथेंबाने काचेच्या जगात पडते. पाणी संपून भांडं तापायला लागलं की आतला कटआउट वीज तोडतो. बस, एवढंच यंत्र.

भांड्याच्या तळाला पिवळसर-तपकिरी पापुद्रा होता. नखाने खरवडला तर खडूसारखा निघाला. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरला ९०० मिलिग्रॅम धरला तर ४ लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम क्षार तळाशी बसतात. चहाचा अर्धा चमचा म्हणा. आठवडाभर भांडं घासलं नाही तर किटलीसारखी पुटं चढतात. मग निंबूसत्व टाकून गरम पाण्यात भिजवायचं, पुटं आपोआप सुटतात.

काचेच्या जगाच्या तोंडाशी कोळशाची एक छोटी पुडी असते. ती कशाला? कारण ‘न उडणारं मागे राहतं’ हा नियम खरा असला, तरी पाण्याच्या आधी उडणारं काही त्यात असेल तर ते वाफेसोबत पुढे जाऊ शकतं. क्लोरिन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात तयार होतात, आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतं. काही यंत्रांत ते बाहेर सोडायला झाकणाला बारीक भोक असतं, उरलेलं कोळसा पकडतो. म्हणजे दारूच्या यंत्राचा जो मोठा प्रश्न, तो पाण्याच्या यंत्रातही चिमूटभर असतोच.

आता विजेचा हिशोब. १ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास आठपट त्याच पाण्याची वाफ करायला लागते. चहाला उकळी फुटायला काही मिनिटं पुरतात, पण तेच पाणी पूर्ण आटवायला बसलात तर गॅस जळतच राहतो, ते यामुळेच. लिटरमागे सुमारे पाऊण युनिट येतं. ७५० वॅटचं यंत्र ४ लिटरला चारेक तास घेतं आणि ३ युनिटच्या आसपास वीज खातं. युनिटला १० रुपये धरले तर लिटरला साडेसात रुपये पडतात. शिवाय ही सगळी उष्णता शेवटी तुमच्याच स्वयंपाकघरात सोडली जाते. बाहेर ४५ अंश असताना घरात चार तास शेगडी पेटवून ठेवायची कोणाची तयारी आहे, ते त्याने ठरवावं.

दारूचं यंत्र म्हणजे रामटेकच्या पायऱ्या

शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला. (नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९९ लाच उकळतं.) यावरून बहुतेकांची समजूत होते की भांडं ७८ अंशांवर ठेवलं की फक्त अल्कोहोल निघेल आणि पाणी गुपचूप बसून राहील. इथेच गफलत होते. दोन्ही एकमेकांत मिसळलेली असली की ती एकत्र उकळतात, मधल्याच कुठल्या तरी तापमानाला. १० टक्के अल्कोहोल असलेलं द्रव साधारण ९२-९३ अंशांना उकळतं आणि त्याच्या वाफेत अल्कोहोल असतं निम्म्याच्या आसपास. उरलेलं पाणीच. वाफेत अल्कोहोलचं प्रमाण वाढतं खरं, पण पाणी मागे राहत नाही.

मग प्रमाण आणखी वाढवायचं कसं? रामटेकचा गड पायऱ्यांनी चढताना आठवा. खाली सगळे एकत्र निघतात. पहिल्या वळणावर काही जण दम लागून बसतात आणि माघारी फिरतात. पुढच्या वळणावर आणखी काही. वर देवळापाशी पोचतात ते बहुतेक दमदारच. दारूच्या यंत्रावरचा उभा नळकांडा हा असाच गड आहे. त्यात आडव्या चकत्या किंवा तांब्याची जाळी भरलेली असते. वाफ प्रत्येक टप्प्यावर थोडी थंड होते. पाण्याचा वाटा जास्त असलेले थेंब खाली परततात, अल्कोहोल जास्त असलेली वाफ वर सरकते. गड जितका उंच आणि वळणं जितकी जास्त, तितका माल शुद्ध. नळकांडा नसलेलं साधं भांडं म्हणजे एकच चढण. त्यातून पाणी, वास, चव असं बरंच काही सोबत येतं. ब्रँडी, माल्ट व्हिस्कीवाल्यांना मुद्दाम तेच हवं असतं.

कितीही उंच गड बांधला तरी ९५-९६ टक्क्यांना (वजनाने) गाडी अडते. तिथे अल्कोहोल आणि पाणी एकमेकांचा हात सोडत नाहीत, वाफेतही तेच प्रमाण आणि द्रवातही तेच. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला पाणी चालत नाही, म्हणून कारखान्यांना पुढे वेगळी प्रक्रिया करून ते शोषून घ्यावं लागतं. आपल्या शहरात नितीन गडकरींच्या भाषणांमुळे इथेनॉल हा शब्द पानठेल्यापर्यंत पोचलेला आहे, म्हणून जाता जाता सांगितलं.

तांबं का, तर आंबवताना गंधकाचे घाण वासाचे पदार्थ तयार होतात आणि तांबं ते धरून ठेवतं. थर्मामीटर कशाला, तर आता वाफेत नेमकं कोण येतंय याचा अंदाज घ्यायला. पाण्याच्या यंत्राला ना तांब्याची गरज, ना थर्मामीटरची. महागाईचं कारण हेच. पहिलं यंत्र सरसकट उकळणारं आहे आणि दुसरं निवड करणारं.

विदर्भातली मोहाची पारंपरिक भट्टी मात्र या सगळ्याच्या आधीची. खाली मोहफुलांचा सडवा, म्हणजे आंबवलेली फुलं आणि पाणी, त्यावर मडकं आणि सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. वरचं पाणी तापलं की बदलायचं. थर्मामीटर म्हणजे गाळणाऱ्याचा हात आणि नाक. कारागिरी म्हणून ती समजून घेण्यासारखी आहे. गोंड आणि इतर आदिवासी समाजांत मोहाचं झाड देवकार्यापासून दुष्काळातल्या जेवणापर्यंत सगळीकडे आहे, नुसतं भट्टीपाशी नाही.

‘पाण्याच्याच यंत्रात सडवा ओतला तर?’

हा प्रश्न पोराने विचारला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होता. इंटरनेटवरही तो फिरत असतो. कायदा पुढे येईलच. आधी निव्वळ यंत्र म्हणून बघू.

पाण्याच्या यंत्रात वाफ थंड करतो तो पंखा, म्हणजे खोलीतली हवा. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात हवाच ४५ अंशांच्या घरात असते. पाण्याच्या वाफेत आणि हवेत तरी ५४ अंशांचं अंतर राहतं. अल्कोहोलची वाफ ७८ च्या जवळ आली की ते अंतर उरतं जेमतेम ३३. हीटर मात्र तेवढीच वाफ ढकलत असतो. थंड न झालेली वाफ नळीतून तशीच बाहेर पडते आणि खोलीत पसरते. थंडीत, १२ अंशांच्या रात्री, हेच यंत्र कदाचित निभावून नेईल. नागपूरच्या उन्हाळ्यात नाही.

आणि ती वाफ पाण्याची नसते. हवेत अल्कोहोलची वाफ ३.३ ते १९ टक्के झाली की ठिणगीला ती पेट घेते. शुद्ध अल्कोहोलवर १३ अंशांनाच पेटण्याजोगी वाफ जमते, आणि ४० टक्क्यांच्या दारूवर २६ अंशांना. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे ती कायमच तयार असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. गळालेला गॅस जसा जमिनीलगत साचतो, तशीच ती खाली उतरून ओट्याखाली पसरते. पाण्याच्या यंत्रातला पंख्याचा मोटर, कटआउट, स्विच यांपैकी काहीही अशा वाफेत चालवायला बनवलेलं नसतं. त्यात अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, दिवसाउजेडी धड दिसतही नाही. झाकणाचं रबर, प्लास्टिकचा जग यांच्यातून अल्कोहोल काय काय विरघळवून आणेल, ते वेगळंच.

कुकरची शिट्टी काढून तिथे नळी जोडायची ‘युक्ती’ही लोक सांगत असतात. नळीत गाळ अडकला की तो कुकर राहत नाही, बॉम्ब होतो. एवढं पुरे.

उलट बाजूने, म्हणजे दारूच्या यंत्रात पाणी गाळता येतं का? येतं. पण कशासाठी? शुद्ध पाण्याला कसलीच चव नसली तरी ते धातूला भुकेलं असतं. तांब्याच्या नळीतून येताना तांबं उचलतं, आणि जोडकामात शिसं असेल तर तेही. बॅटरीला तांबं चालत नाही आणि माणसाला शिसं.

‘पहिली धार टाकून दिली की विष गेलं ना?’

हातभट्टीबद्दल सगळ्यात खोल रुजलेला समज हाच. मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलचा विषारी भाऊ, ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून ते आधी निघतं, म्हणून पहिली धार फेकली की उरलेलं सुरक्षित. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण वर पाहिलं तसं, मिश्रणात कोणी आपापल्या नंबरची वाट पाहत थांबत नाही. मिथेनॉल पहिल्या धारेत येतं, मधल्या धारेतही येतं आणि शेवटीही रेंगाळतं. पहिली धार फेकल्याने उग्र वासाचे काही पदार्थ कमी होतात. मिथेनॉल गेल्याची हमी त्यातून मिळत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर नुसतं भीती घालणं होईल. धान्य किंवा गूळ आंबवून मिथेनॉल फार थोडं तयार होतं. फळांत पेक्टिन असतं आणि त्यातून मिथेनॉल सुटतं, म्हणून फळांच्या आंबवणात ते जास्त. पण शेकड्याने माणसं मारणाऱ्या घटना बहुतेक त्यामुळे घडत नाहीत. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये १०० हून अधिक माणसं गेली, तमिळनाडूत कळ्ळकुरिचीला २०२४ मध्ये ६० हून अधिक. तिथे बाटलीत कारखान्यातलं मिथेनॉल होतं. ते स्वस्त असतं, आणि दिसायला-वासाला दारूपासून ओळखू येत नाही. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि पहिला घाव बसतो डोळ्यांच्या नसेवर. त्रास कधीकधी अर्ध्या-एका दिवसाने सुरू होतो, तोवर माणूस ‘चढलीय’ म्हणून झोपलेला असतो. दारू प्यायल्यानंतर कोणाला धूसर दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, उलट्या होऊ लागल्या तर लिंबूपाणी पाजत बसू नका. थेट सरकारी रुग्णालय, म्हणजे आपल्याकडे मेडिकल किंवा मेयो गाठा. यावर उतारा आहे, पण तो दवाखान्यातच आणि वेळेतच.

पोलीस नेमके कशावर येतात?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा, मूळचा मुंबई राज्याचा. त्याचं कलम ६५ परवान्याशिवाय दारू बनवण्याला तर गुन्हा ठरवतंच, शिवाय दारू बनवण्यासाठी भट्टी, भांडी, अवजारं, साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. शिक्षा तुरुंगवास आणि दंड. ‘विकत नाही, घरच्यापुरती गाळतो’ ही सबब चालत नाही.

यातला ‘बनवण्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा. कायदा स्टील आणि तांब्यावर चिडलेला नाही, हेतूवर आहे. दंतवैद्यांच्या ओट्यावरच्या यंत्राला कोणी हात लावत नाही, कारण त्यात पाणी आहे. कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्पिढ्या तांब्याच्या देग-भपक्यात (उकळायचं भांडं आणि वाफ धरायचं भांडं) गुलाब उकळतात. तेही डिस्टिलेशनच. पण उभा नळकांडा, शेजारी गुळाचं किंवा मोहाचं आंबवण आणि थोडी भरलेली बाटली, असं चित्र दिसलं की ‘बॅटरीसाठी पाणी करत होतो’ हे कोणाला पटवणार? आपल्याकडे हातभट्ट्यांवरच्या पोलिसांच्या ‘वॉश आउट’ मोहिमेच्या बातम्यांत दारूपेक्षा सडवाच जास्त लिटर नष्ट झालेला असतो, ते बघा.

नागपूरकराने तर जास्तच सांभाळून असावं. शेजारचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीत आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बंदीच्या जिल्ह्यात चोरट्या मालाला भाव असतो, त्यामुळे या पट्ट्यातल्या रस्त्यांवर तपासणीही कडक.

मग असली यंत्रं ऑनलाइन उघड कशी दिसतात? कारण जग एका कायद्यावर चालत नाही. न्यूझीलंडने १९९६ मध्येच स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा दिली. अमेरिकेत घरी बीअर बनवायला १९७८ च्या कायद्याने परवानगी आहे, पण घरी दारू गाळायला केंद्राच्या कायद्याची मनाई आहे. तिथेही यंत्रं ‘पाण्यासाठी’, ‘सुगंधी तेलासाठी’ म्हणूनच विकली जातात. वस्तू घरपोच आली म्हणजे तिचा प्रत्येक वापर कायदेशीर झाला असं होत नाही.

‘घरात आरओ आहे, एसीचं पाणीही ठिबकतं. मग हे हवं कशाला?’

खरं सांगायचं तर बहुतेक घरांना नको.

नागपूरच्या नळाला कन्हान नदीचं आणि पेंच प्रकल्पाचं पाणी येतं. ते डिस्टिल करून प्यायची गरज नाही. पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा असं भारतीय मानक सांगतं. दुसरं पाणी मिळणारच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. शून्याचा हट्ट कुठेच नाही. डिस्टिल्ड पाणी प्यायलं म्हणून काही होत नाही, पण चवीला अगदीच मिळमिळीत लागतं आणि त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम मिळत नाही. रोज तेच पिणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनीही याबद्दल सावध केलेलं आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांसारखं बोअरमध्ये फ्लोराइड असेल तर प्रश्न वेगळा. मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, फार तर दीड. डिस्टिलर ते नक्की काढतो. पण घरभराच्या पिण्याला दिवसाला १५-२० लिटर लागलं तर वीजबिल बघून घाम फुटेल. तिथे आरओ परवडतो, किंवा गावाची सामाईक यंत्रणा.

बॅटरीचं गणित उलटं आहे. माणसाला थोडे क्षार हवेत, बॅटरीला एकही नको. क्लोराइड, लोह, तांबं यांच्यामुळे तिच्या प्लेटा खराब होतात. आरओ साधारण ९० ते ९५ टक्के क्षार काढतो, म्हणजे ६०० चं पाणी ३० ते ६० वर येतं. प्यायला उत्तम, बॅटरीला जास्तच. वर्षाला काही लिटरचाच मामला असल्यामुळे कॅन आणणं सरळ पडतं. कॅनवर बारीक अक्षरांत ‘डीएम वॉटर’ लिहिलेलं असेल तर ते उकळून केलेलंही नसतं. रेझिनच्या मण्यांतून पाणी सोडून क्षार काढलेले असतात. बॅटरीला तेही चालतं.

आणि एसीचं पाणी? तत्त्वाने ते वाफेचंच पाणी आहे, यात शंका नाही. पण ते तांबं-ॲल्युमिनियमच्या धुळकट जाळीवरून घरंगळत, बुरशी धरलेल्या पाइपातून येतं. टीडीएस मीटर त्यात कमी आकडा दाखवेल. मीटरला विजेचं वहन कळतं, धूळ कळत नाही. इस्त्रीला, फरशी पुसायला वापरा. बॅटरीत नको.

मग डिस्टिलर घ्यावा कोणी? दंतवैद्यांनी, छोट्या लॅबवाल्यांनी, रोज वाफेची अवजारं चालवणाऱ्यांनी. घेताना आतली नळीही स्टीलची आहे ना ते विचारा. झाकणाच्या बाहेरची चकाकी बघू नका, आतली बघा. जग काचेचा असावा, कटआउट असावा. आणि यंत्र खिडकीशी ठेवा, पंख्याला ताजी हवा मिळाली तरच ते नीट थंड करेल.

तिसरं यंत्र: संत्र्याच्या सालीचं

स्क्रीनवरच्या दुसऱ्या यंत्राखाली छोट्या अक्षरांत ‘सुगंधी तेलासाठी’ असंही लिहिलं होतं. हा मात्र खरोखर कामाचा उपयोग, आणि नागपूरला शोभणारा.

संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचं तेल असतं. सोलताना डोळ्यांत उडतं तेच. ते १७६ अंशांना उकळतं. तरी साली पाण्यात घालून उकळल्या तर ते १०० अंशांच्या आतच वाफेसोबत निघून येतं. कसं? अल्कोहोल पाण्यात मिसळतं, तेल मिसळत नाही. न मिसळणारी दोन द्रवं एका भांड्यात उकळली की दोघं मिळून हवेचा दाब ढकलतात. बंद पडलेली गाडी एकट्याला हलत नाही, दोघांनी जोर लावला की हलते, तसं. म्हणून उकळी लवकर फुटते. थंड झाल्यावर तेल पाण्यावर तरंगतं, वरच्या वर काढून घ्यायचं. इथे गडाच्या पायऱ्या लागत नाहीत, निवडीची कटकट नाही. ओव्याचा अर्क निघतो तोही अशाच वाफेने. लिमोनिनची वाफही ५० अंशांच्या आतच पेटण्याजोगी होते, म्हणून इथेही उघडा गॅस जवळ नको.

पोराचा चेहरा खुलला. ‘मग आजच करून पाहू ना काका!’

‘मे महिन्यात संत्री आणशील कुठून? मृग बहार मार्चमध्येच संपला.’

‘मग आंबिया बहार येऊ द्या,’ म्हणत त्याने मोबाइल खिशात टाकला आणि खाली बसून कॅन धरला. मी सहाव्या खान्यात पाणी ओतलं आणि शेवटचं झाकण लावलं.